पोइ सांग लोंग: एकच दिवस असेल तर कुठला?

काका, नमस्कार.
एप्रिलच्या सुरुवातीला उत्तर थायलंडात माए होंग सोनला पोइ सांग लोंगचा सोहळा बघायला जातोय. शान जमातीच्या मुलांची मुंज म्हणतात ती हीच ना? हाताशी एकच दिवस आहे. मिरवणुकीचाच धरू?
— बँकॉकहून

अरे, मुंज नव्हे, प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून विहारात जाणं. साधारण ७ ते १४ वयाची पोरं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू होतात. आपल्याकडच्या श्रामणेर शिबिरांचा गाभा तोच, फक्त थाट राजपुत्राचा.

सोहळा बहुधा तीन दिवसांचा. आधी मुंडण, थायलंडात भुवयाही उतरवतात. मग भरजरी कपडे, ओठांना लाली, फुलांचं मुंडासं. इथून पुढे मुलाला ‘सांग लोंग’ म्हणायचं आणि बाहेर त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. खांद्यावर घेणारे ते ‘तापे’. एकाच्या खांद्यावर पोरगं, दुसऱ्याच्या हातात लांब दांड्याची सोनेरी छत्री, बाकीचे बदलीला. ढोल-झांजा वाजल्या की खालचा नाचतो आणि वरचा पेंगतो! फोटोसाठी ‘जरा खाली उतरव’ म्हणू नकोस.

दुसऱ्या दिवशीची मिरवणूक देखणी, पण गर्दी फार. माझं ऐकशील तर तिसरा दिवस धर. श्रामणेराची दीक्षा त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याच्या पाली ओळी) म्हणण्यातच असते, म्हणून देणारा आणि घेणारा दोघांचेही उच्चार शुद्ध लागतात. पोरं अडखळतात ती अनुस्वारावर. म्हणून बर्मी वळणाच्या विहारांत ‘बुद्धं’ एकदा अनुस्वाराने आणि एकदा ओठ मिटून ‘बुद्धम्’ असं म्हणवून घेतात. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, अंगावर चढलं की तो ‘चाओ सांग’. मग आईसुद्धा त्याला हात लावत नाही, आणि दुपारी बारानंतर जेवण बंद.

काकांच्या मेलला जोड: तारीख गावोगाव वेगळी असते, विहारात विचारूनच तिकीट काढा. त्या दिवसांत शेतं-जंगलं जाळल्याचा धूर इतका की विमानं रद्द होतात. मग उरतो १,८६४ वळणांचा रस्ता. पोरांना गाडी लागत असेल तर चिआंग माईतच ‘वाट पा पाओ’ विहारात सोहळा बघा, तोही शान विहारच.

धूर नकोच असेल तर ऑक्टोबरात या. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम संपतो तेव्हा माए होंग सोनला ‘चोंग परा’ उभारतात. तावतिंस स्वर्गातून उतरणाऱ्या बुद्धासाठी बांबूच्या कामट्यांचा, नक्षीदार कागद लावलेला प्रासाद. आकाशकंदील केलेल्या माणसाला त्याचे सांधे लगेच कळतील.
— चिआंग माईहून