बडोद्याच्या चार दरवाजांच्या आतली आपली मराठी शाळा: तुमचे अनुभव सांगा

घरं जुन्या शहरातून मांजलपूर-गोत्रीसारख्या उपनगरांकडे गेली, मुलं इंग्रजी माध्यमात गेली, आणि मांडवीजवळच्या आपल्या शाळेचा पट इतका उतरला की ती दुसऱ्या शाळेत विलीन करायची बोलणी सुरू झाली. आता वर्ग पुन्हा भरताहेत. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. त्या बडोद्यात शाळेसाठी एवढी धडपड करावी लागावी, याचं मला फार वाईट वाटतं. कोणी काय केलं, कशाचा उपयोग झाला, ते मोकळेपणी लिहा.

निवृत्त शिक्षिका, वाडी
देणगीतून आधी रंगरंगोटी झाली. भिंती छान दिसल्या, पण त्यामुळे नवं मूल काही आलं नाही. आम्ही संध्याकाळी घरोघरी जायला लागलो, तेव्हा फरक पडला. मंगळबाजारातले लारीवाले म्हणजे हातगाडीवाले, बांधकामावर आलेली खानदेशातली कुटुंबं. त्यांची मुलं घरात अहिराणी बोलायची, बाहेर हिंदी-गुजराती, आणि इथे मराठी शाळा आहे हेच आईबापांना ठाऊक नव्हतं. काहींना जन्मदाखला नाही म्हणून दुसरीकडून परत पाठवलेलं. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या १४व्या कलमातच आहे. मी ते कलम छापून पिशवीत ठेवायची. पहिल्या महिन्यात आम्ही पुस्तक उघडलंच नाही. मुलांना त्यांच्या अहिराणीत गोष्टी सांगू दिल्या, म्हणून ती टिकली.

पालक, व्यवस्थापन समिती सदस्य
समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असा नियम आहे. पूर्वी आमच्याकडून नुसत्या सह्या घ्यायचे. मी पहिल्याच बैठकीत मुलींच्या संडासाला कडी नाही, हा विषय काढला. कडी लागली, नळाला पाणी आलं आणि मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या थांबल्या. मग बाकीच्या आयाही बोलायला लागल्या.

माजी विद्यार्थी, दांडियाबाजार
मी आखाड्यात वाढलो. शनिवारी मुलांना मलखांब शिकवतो. शाळेत शिकत नसलेली गल्लीतली मुलंही येतात, त्यांतली काही पुढे आपल्या शाळेतच दाखल झाली.

तिसरीतल्या मुलीची आई
मुलगी मागे पडेल, या धास्तीने मी तिला आधी इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे ती गप्प असायची. इथे आल्यापासून घरी येऊन धडाच्या धडा सांगते. गुजरातीचीही काळजी वाटायची, पण २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सगळ्याच शाळांना सक्तीचं केलंय. मला खरी धाकधूक आहे ती आठवीनंतरची. ज्यांची मुलं इथून पुढे हायस्कूलला गेली, त्यांनी माध्यम बदललं का, आणि पहिल्या वर्षी मुलांना काय जड गेलं, हे कृपा करून लिहा.