मदत हवी आहे: मोरी रुंद करावी की ओढ्याला जागा द्यावी?

नमस्कार मंडळी. ओढ्यावरच्या एका जुन्या मोरीच्या दुरुस्तीचा आराखडा करतोय आणि अडकलोय.

मोरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधलेली. ऐकायला भक्कम वाटतं, पण त्याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. ५० वर्षांत तसा पूर किमान एकदा येण्याची शक्यता जवळपास ८७ टक्के. तेही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून. हवा १ अंश सेल्सियसने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, मग जुन्या नोंदींवर किती विसंबायचं?

एक मत असं की मोरीतला पाइप काढून रुंद बॉक्स (काँक्रीटचा चौकोनी बोगदा) टाका. पटतं, कारण पाइपच्या तोंडाशी फांद्या, गाळ, प्लास्टिक अडकून निम्मी वाट पुराआधीच बंद झालेली असते. पण पाणी झपाट्याने पुढे गेलं तर खालच्या वस्तीचं काय? दुसरं मत, वरच्या अंगाची पाणथळ जागा भराव काढून मोकळी करा. नेदरलँड्समध्ये नायमेखनला पुराच्या पाण्याला पसरायला जागा मिळावी म्हणून वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला. पण ती मोठी नदी, पैसाही मोठा.

तर, पावसाच्या आकड्यांत वाढ किती धरता? पाणथळ जागेत किती पाणी मावेल हे साध्या पद्धतीने कसं काढायचं? आणि दरवर्षी गाळ कोण काढणार हे आराखड्यातच लिहून घेता का? (माझ्या मते खरं घोडं तिथेच अडतं.)

'दोन्ही करा' एवढं मात्र सांगू नका, पैसे एकाचेच आहेत.