दोह्यातला गोल की गुवाहाटीतली हार? 'अ' गटातून भारत नेमका कुठे बाहेर पडला (फुटबॉल मंचावरच्या तिघांची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर त्या सदस्याचं टोपणनाव)

दुसरा हाफ
२०२६ फुटबॉल विश्वचषकाच्या आशियाई पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत 'अ' गटाचे अंतिम गुण: कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५. पहिले दोन तिसऱ्या फेरीत, शिवाय २०२७ च्या आशिया चषकात थेट. माझ्या मते हा गट आपल्या हातून ११ जून २०२४ ला दोह्यात कतारविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात हिसकावून घेतला गेला. छांगतेच्या ३७व्या मिनिटाच्या गोलमुळे आपण ७३व्या मिनिटापर्यंत पुढे होतो. मग फ्री किकवर कतारच्या युसुफ आयमनचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला, चेंडू खांबाच्या बाजूने गोललाइनच्या बाहेर गेला, हाश्मी हुसेनने तो पायाने मागे ओढला आणि आयमनने जाळ्यात मारला. आपली पोरं कॉर्नर धरून थांबलेली! पूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला की खेळ थांबतो, हा साधा नियम. या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासणं) नव्हतं, म्हणून दाद कुठेच नाही. जिंकलो असतो तर ८ गुण, कुवेतच्या वर.

गोलफरक
असहमत. गोल चुकीचा होता यात वाद नाही. पण त्यानंतरही १-१ होतं. तिकडे कुवेत-अफगाणिस्तान सामन्यात बरोबरी राहिली असती तर आपण आणि अफगाणिस्तान ६-६. गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) आपला उणे ३, त्यांचा उणे १०. म्हणजे दुसरे आपणच. कुवेतने ८१व्या मिनिटाला अफगाणिस्तानवर गोल केला, तेव्हा बरोबरी पुरेनाशी झाली. ८५व्याला कतारच्या अल रावीने आपल्यावर दुसराही केला, हरलो १-२.

मूळ दुखणं २६ मार्चचं. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध छेत्रीच्या पेनल्टीने १-० पुढे, ७०व्या मिनिटाला अकबरीचा गोल, ८८व्याला शरीफ मुखम्मदची पेनल्टी, १-२. फेडरेशनशी वाद झाल्यामुळे त्यांचे कितीतरी मुख्य खेळाडू आलेच नव्हते. तो सामना जिंकलो असतो तर दोह्याला जाण्याआधीच आपले ८ झाले असते आणि कुवेतला जास्तीत जास्त ७ गाठता आले असते. दोह्यात सहा गोल खाल्ले असते तरी पुढे गेलो असतो.

दुसरा हाफ
गणित बरोबर आहे, पण 'आधीच जिंकायला हवं होतं' म्हणून पंचांची चूक माफ होत नाही. गटात सहा सामने असतात, सहाव्यातले गुणही तितकेच खरे. १७ मिनिटं आघाडी टिकवायची होती, समोर कतारचा नवख्या पोरांचा संघ. तो गोल दिल्यावर संघ खचला, हे दिसत होतं.

बॉक्स टू बॉक्स
दोघंही कोलकाता विसरताय. ६ जूनला कुवेतशी ०-०. तिथे एक गोल झाला असता तर आपले ७, कुवेतचे ३. बाकी निकाल जसेच्या तसे ठेवा: शेवटी आपण ७, कुवेत ६. दोह्यातल्या हरण्यासकट पात्र!

आणि खरी अडचण आकड्यातच आहे. सहा सामन्यांत तीन गोल: कुवेत सिटीत मनवीर, गुवाहाटीत छेत्रीची पेनल्टी, दोह्यात छांगते. अफगाणिस्तानविरुद्ध सौदीतल्या अभातही ०-०. अशा गटात एकेक गोल किती महाग पडतो ते 'क' गटात बघा. चीन आणि थायलंड, दोघांचे ८ गुण, गोलफरक शून्य, केलेले गोल ९-९. आपसातल्या सामन्यांवर चीन पुढे गेला.

दुसरा हाफ
कोलकात्याचा मुद्दा मान्य. तरी व्हीएआर नसलेल्या फेरीत निदान गोललाइनवर तरी तंत्र हवं, यावर मी ठाम आहे.

गोलफरक
गोललाइन तंत्र चेंडू गोलमध्ये गेला का एवढंच सांगतं. हा चेंडू खांबाच्या बाजूने बाहेर गेला होता, तिथे सहायक पंचाची नजर किंवा व्हीएआरच. आणि बचावपटूंनी शिट्टी होईपर्यंत थांबायचं नाही, हे तर शाळेच्या संघालाही शिकवतात.

तिसरे आलो म्हणून आशिया चषकाची वेगळी पात्रता खेळावी लागली. १४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम: छांगतेने १४व्या मिनिटाला गोल केला, सिंगापूरच्या साँग उइ-यंगने दोन मारले, १-२, तिथूनही बाहेर. गुवाहाटी, दोहा, मडगाव, तिन्हीकडे १-० वरून १-२. यातल्या एकाच ठिकाणी पंच आडवे आले.