सुपरहिरो कसा उडतो, हे सात वर्षांच्या पोराला दाखवावं का?

दांडियाबाजारी
घरात दोन दिवस अबोला आहे, म्हणून इथं विचारतोय. ताई भाच्याला घेऊन माहेरी आलीय. पोरगं सात वर्षांचं, दिवसभर सुपरहिरोंच्या मालिका. शनिवारी दुपारी आम्ही सगळे जेवून लवंडलो होतो, तेवढ्यात यानं गळ्यात टॉवेल बांधून माळ्याच्या शिडीवरून उडी मारली. पाचव्याच पायरीवर होता, म्हणून हनुवटीला तीन टाक्यांवर निभावलं. रडायच्या आधी त्यानं मला विचारलं, "मामा, मी उडलो का नाही?"

रात्री मी त्याला मोबाईलवर पडद्यामागचं शूटिंग दाखवलं. हिरव्या कापडापुढं माणूस लोंबकळतोय, कमरेला हार्नेस, वर दोन तारा, खाली जाड गाद्या, केप फडफडायला समोर हा एवढा पंखा. मध्येच कुणीतरी येऊन त्याचा घाम पुसतंय. भाच्यानं डोळे न हलवता सगळं पाहिलं. "म्हणजे हे सगळे खोटं बोलतात" एवढं म्हणून भिंतीकडं तोंड करून झोपला. सकाळी त्याचा मुखवटा केराच्या डब्यात.

बाबा भडकले. "पोराचा देव काढून घेतलास तू." ताई आधी माझ्या बाजूनं होती, मुखवटा पाहिल्यावर तीही फिरली. माझं म्हणणं एवढंच की टाके परत नकोत. चुकलं का माझं?

निमूटपणे
चुकलं. आजोबांचं बरोबर आहे. सात वर्षं हे काही सत्य पचवायचं वय नव्हे. शिडीला दार लावा, पोरावर लक्ष ठेवा. तुम्ही सगळे जेवून घोरत पडलात आणि शिक्षा मिळाली त्या मुखवट्याला.

मांजलपूरकर
@निमूटपणे, लक्ष ठेवायचं म्हणता, आमच्या वेळी कुणी ठेवलं होतं हो? १३ सप्टेंबर १९९७ ला, शनिवारी, दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मी चौथीत. वाड्याच्या चौकात आम्ही नऊ-दहा पोरं एक हात वर करून गरगर फिरायचो. चुलतभाऊ फिरत फिरत तुळशीवृंदावनावर आदळला, त्याचा अर्धा दात अजून नाही. पोरं नक्कल करतात अशा बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. मग शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांनी स्वतः मुलांना सांगितलं, असलं काही करू नका. आम्ही काय अर्थ काढला माहितीये? शक्तिमान किती नम्र आहे बघा, आपल्या शक्तीचा जराही गर्व नाही!

तेव्हा नुसतं सांगून उपयोग शून्य. तारा डोळ्यांना दिसल्याशिवाय पटत नाही. मामा बरोबर आहेत.

अलकापुरीची मावशी
अहो पण त्यातच उत्तर आहे ना. तुमचा एक दात गेला, पण तुम्ही पंचविसेक वर्षांनंतर तो चौक, ती पोरं, सगळं आठवून सांगताय. त्या वयात कुणी तुम्हाला बसवून गंगाधर आणि शक्तिमान हा एकच नट आहे, तोच मालिकेचा निर्माता आहे, जाहिरातदार कोण, हे सगळं समजावलं असतं तर आज हे लिहिलं असतंत?

मांजलपूरकर
मावशी, गंगाधरच शक्तिमान आहे हे आम्हाला माहीतच होतं. ते फक्त मालिकेतल्या गीता विश्वासला माहीत नव्हतं. 😄

जेटिक्सची पिढी
माझा अनुभव. मी पॉवर रेंजर्सवर वाढलो, म्हणजे रंगीत हेल्मेटवाल्या हिरोंच्या त्या अमेरिकन मालिकेवर. कॉलेजात गेल्यावर कळलं की पहिल्या मालिकेतल्या मारामाऱ्या बहुतेक जपानी आहेत. तोएई कंपनीच्या १९९२ च्या जपानी मालिकेतलं हेल्मेटवालं शूटिंग तसंच उचललं, आणि अमेरिकेत नवीन मुलं घेऊन बिनहेल्मेटचे, शाळेतले प्रसंग तेवढे घेतले. १९९३ ला ते तिकडं सुरू झालं. गंमत म्हणजे जपानी मालिकेत पिवळा गडी पुरुष होता, अमेरिकेत ती मुलगी केली. म्हणून गुलाबी रेंजरला स्कर्ट आहे आणि पिवळीला नाही! लहानपणी आम्ही मावसभावंडं यावर भांडलो होतो, पिवळीला स्कर्ट का नाही म्हणून. उत्तर कळलं तेव्हा मी वसतिगृहात एकटाच खो खो हसलो.

पण तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सातव्या वर्षी कळलं असतं तर कदाचित मीही मुखवटा फेकला असता. त्यामुळं माझं मत आजोबांना, पण अर्धंच.

निवृत्त मास्तर
तुम्ही दाखवलंत हे चुकलं नाही. क्रोमा, म्हणजे हिरव्याच्या जागी कॉम्प्युटरनं दुसरं चित्र बसवायची युक्ती, ती दाखवलीत, ते चुकलं. हिरवं कापड बघून मुलाच्या हाती काय लागतं? काहीच नाही. माणूस लटकतोय, बाकी सगळं कॉम्प्युटरनं केलं. त्यात त्याला करण्यासारखं काय उरलं? (आणि हिरवंच का, तर आपल्या कातडीत तो रंग जवळजवळ नसतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे कण लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. हेही कुणी सांगत नाही.)

त्याऐवजी १९६६ ची अमेरिकन 'बॅटमॅन' मालिका घ्या. त्यात बॅटमॅन आणि रॉबिन दोराला धरून उंच इमारतीच्या भिंतीवर चढतात. भिंत उभी नव्हतीच. जमिनीवर आडवी मांडलेली, हे दोघं ओणवे होऊन तिच्यावरून चालत होते आणि कॅमेरा कुशीवर वळवलेला. केप खाली लोंबतेय असं दिसावं म्हणून ती तारेनं मागं ओढून धरायची. संपली जादू. याला लागतं काय? एक चादर, एक मोबाईल, एक दोरी. हे पोराला *दाखवू* नका, त्याच्याकडून *करवून* घ्या.

दुसरं. जपानी अल्ट्रामॅन गोष्टीत ४० मीटर उंच. प्रत्यक्षात रबरी पोशाखातला साधा माणूस. मग तो अवाढव्य कसा भासतो? मोठी वस्तू पडायला वेळ जास्त लागतो. उंची बावीस पट दाखवायची तर वेळ बावीसच्या वर्गमुळाइतका, म्हणजे पावणेपाच पट ताणायला हवा. सेकंदाला २४ ऐवजी एकशेबारा-पंधराच्या आसपास चौकटी घ्यायच्या आणि नेहमीच्या वेगानं दाखवायच्या. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये

मांजलपूरकर
सर, घंटा झाली. 🙏

निवृत्त मास्तर
बसा खाली.

निमूटपणे
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण प्रत्येक गोष्टीची प्रयोगवही का करायची? पोराला गोष्ट हवीय, वर्गमूळ नको.

कलाभवनचा कोपरा
बडोद्यात बसून हा वाद चाललाय आणि फाळक्यांचं नाव कुणी घेईना? दादासाहेब इथल्याच कलाभवनात शिकले. चित्रपटाआधी ते जादूचे खेळ करायचे, फाळके उलटं वाचून 'प्रोफेसर केळफा' नावानं. म्हणजे गुपित सांभाळण्यातच ज्याची कमाई असा माणूस. त्यानं १९१७ ला काय केलं? एकीकडं 'लंकादहन' काढून मारुतीला आकाशात उडवलं, आणि त्याच वर्षी चित्रपट तयार कसे होतात हे दाखवणारी छोटी फिल्मही काढली. ताराही त्याच्या, तारा दाखवणाराही तोच.

याहून पुढचं म्हणजे १९१९ चा 'कालिया मर्दन'. कृष्ण झालीय त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर ती मुलगी दिसते, साधी, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवणारी, आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. आधी सांगून टाकलं, ही माझी पोर आहे. त्यानं कृष्ण कमी झाला का?

निमूटपणे
आणि त्याच 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक चपला काढायचे असं सांगतात, ते विसरलात. राम आणि सीता दोन्ही एकच, अण्णासाहेब साळुंके. तुमच्या मामानं थिएटरात उभं राहून ओरडायला हवं होतं, "अहो, सीता पुरुष आहे!"

कलाभवनचा कोपरा
ओरडायची गरज काय? बायकांची कामं पुरुष करतात हे संगीत नाटकं बघणाऱ्या त्या प्रेक्षकाला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असूनच चपला निघाल्या. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभार.

रंगशाळा
आमच्या घरी पिढीजात गणपतीचं काम, तेवढ्यापुरतं बोलते. आमच्या मुलांनी शाडूचा गोळा पाहिलाय, सोंडेच्या आतली तार पाहिलीय, रंग वाळायच्या आधी मूर्तीवर बसलेली माशी हाकललीय. चतुर्थीला तीच मुलं डोळे मिटून हात जोडतात. त्यांना कधी अडचण आली नाही.

निमूटपणे
ताई, तुमच्याकडून गणपती नेताना लोक त्याचं तोंड रुमालानं झाकून का नेतात? डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती करताना पोरांना बाजूला बसवत असाल, हो की नाही? झाकण्यालाही किंमत आहे. माझं एवढंच मागणं आहे.

रंगशाळा
बसवतो बाजूला. पण ते हात हलू नये म्हणून हो!
रुमालाचं मात्र तुमचं खरं आहे. यावर मला उत्तर सुचत नाहीये.

पॅकअप
मी मुंबईत काही वर्षं मालिकांच्या सेटवर सहायक होतो, आता बडोद्यात दुकान सांभाळतो. तुम्ही सगळे तारा-तारा करताय, म्हणून सांगतो. हार्नेसमध्ये वीस मिनिटं लटकलं की मांड्यांना काळेनिळे वळ येतात. मुखवट्याच्या आत घाम डोळ्यांत उतरतो आणि पुसायला हात पोचत नाही. उडी मारणारा बहुतेक वेळा हिरो नसतोच, डुप्लिकेट असतो, आणि त्याचं नाव पाटीवर आलं तर आलं. पोराला दाखवायचंच तर तो माणूस दाखवा. त्यानं आधी किती वेळा गादीवर उडी मारून बघितली, तार कुणी ओढून तपासली, कोण "थांबा" म्हणालं. शिडीवरून उडी मारणाऱ्या पोराला हे कळायला हवं, की ज्याचा हा धंदा आहे तो गादीशिवाय पाय उचलत नाही.

आणि मुलांच्या मालिकेत मुलंही राबतात. २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि मिळकतीतले निदान वीस टक्के त्याच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. मी हे नियम यायच्या आधीच्या एका सेटवर नऊ वर्षांच्या पोराला रात्री अकरा वाजता पंखांसकट खुर्चीत झोपलेलं पाहिलंय. शॉट लागल्यावर त्याला उठवायचं काम माझ्याकडं होतं. जादू टिकवा, न टिकवा, ते तुमचं तुम्ही बघा. मला ती खुर्ची आठवते.

अलकापुरीची मावशी
दादा, वाचून गलबलून आलं. मी अजूनही सात वर्षांच्या मुलाला हे सांगणार नाही. पण त्याच्या आईला नक्की सांगेन, ती पुढच्या वेळी रिॲलिटी शोच्या ऑडिशनला रांगेत उभी राहायच्या आत.

दांडियाबाजारी
सगळ्यांचे आभार. मास्तरांचं ऐकलं. काल संध्याकाळी चौकात फरशीवर राखाडी चादर अंथरली, खडूनं विटा काढल्या, एक जुनी खिडकी वरच्या बाजूला ठेवली. भाचा लांबूनच बघत होता, हातात सेव-उसळीची वाटी, नाक मुरडून. मी दोरी धरून चादरीवर ओणवा चालायला लागलो तसा हसला. "मामा, तू म्हातारा बॅटमॅन दिसतोस." मोबाईल आडवा करून त्याला दाखवलं तर वाटी तिथंच राहिली.

मग दोन तास त्यानं मला राबवलं. टॉवेल नीट लोंबेना, तर स्वतःच म्हणाला शिवणाचा दोरा बांध आणि मागून ओढ. खिडकीतून कुणीतरी डोकवायला हवं, म्हणून शेजारच्या काकांना चौकात आडवं झोपवून फक्त डोकं चौकटीत घ्यायला लावलं. काकांना उठवायला नंतर दोघं लागले. मुखवटा? केराच्या डब्यातून ताईनं आधीच काढून धुऊन ठेवला होता, तो मागून घेतला.

@पॅकअप, तुमचंही केलं. प्रत्येक शॉटआधी एकानं "गादी?" विचारायचं, दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं. फरशीवर झोपून चालायला गादी कशाला, असं बाबांनी विचारलं. त्यांना गप्प बसवण्यात आलं.

निमूटपणे
बरं झालं. मी हरलो असं मात्र समजू नका. तुम्ही त्याला एक जादू मोडून दुसरी दिलीत, म्हणून तो हसला. रात्री त्या मोबाईलवर नुसती मोडून ठेवली होतीत.

दांडियाबाजारी
मान्य. आणि तुमच्यासाठी एक बातमी. व्हिडिओ झाल्यावर भाच्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "आजीला दाखवायचा, पण मोबाईल वाकडा धरला होता हे सांगायचं नाही. शप्पथ घे."

निमूटपणे
वा! मग? आजींना कळलं का?

दांडियाबाजारी
आई दोन तास समोर झोपाळ्यावरच बसली होती. चादर तिनंच काढून दिली. व्हिडिओ बघून म्हणाली, "अगं बाई, हा एवढ्या उंच कधी चढला?"