मदत हवी आहे: शेजारच्या कारच्या कर्कश एक्झॉस्टचं काय करावं?
शेजारच्या मुलाने कारचा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवून घेतलाय. तो रात्री उशिरा गाडी सुरू करतो आणि आमचं बाळ दचकून रडत उठतं. खिडक्या लावूनही फारसा फरक पडत नाही, कारण असला खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज काच-भिंतींतून आत येतोच. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. मुलगा स्वभावाने चांगला आहे, म्हणून लगेच तक्रार करावीशी वाटत नाही. एक्झॉस्ट तोच ठेवून मध्ये रेझोनेटर (ठरावीक पट्टीतला आवाज दाबणारा भाग) किंवा जादा मफलर (म्हणजे सायलेन्सरच) बसवला तर ही घरघर खरंच कमी होते का? कुणी करून घेतलंय? आणि त्याच्यापाशी विषय कसा काढू?