आयएफकॉन्फिग टाइप करणाऱ्याची लायकी काढणारे तुम्ही कोण?

पेठेतला_ॲडमिन

काल इथे एकाने लिहिलं की जो उमेदवार इंटरव्ह्यूला नव्या ‘आयपी’ऐवजी आयएफकॉन्फिग (मशिनचा नेटवर्क पत्ता दाखवणारी जुनी कमांड) टाइप करतो त्याला तो पुढचा प्रश्नच विचारत नाही. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. मला ते फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ही कमांड १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून आहे. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅकवर आजही इंटरफेस, म्हणजे मशिनची नेटवर्कची जोडणी, बघायला हीच. तिथे लिनक्सवरची ‘आयपी’ कमांड टाइप केली तर ‘कमांड नॉट फाउंड’. माझी गिऱ्हाइकं लक्ष्मी रोडच्या दुकानांपासून चिंचवडच्या कारखान्यांपर्यंत आहेत. फायरवॉल फ्रीबीएसडीवर, डिझाइनवाल्यांकडे मॅक, आत सर्व्हर लिनक्सचा. दिवसभरात तिन्हींसमोर बसणाऱ्या माणसाच्या बोटांना एकच कमांड वळणी पडली तर त्यात त्याची अक्कल कुठे कमी झाली?

आणि कामाचं बोला. आयएफकॉन्फिगमध्ये एरर्स, ड्रॉप्ड, फ्रेम हे बिघडलेल्या आणि टाकून दिलेल्या पॅकेटचे आकडे न मागता समोर येतात. भिंतीतली केबल उंदरानं कुरतडलीय किंवा क्रिम्पिंग (टोकाला प्लग बसवणं) कच्चं आहे, तर एरर्स आणि फ्रेम वाढताना दिसतात आणि मी थेट पक्कड घेतो. लिनक्सवर पत्ते दाखवणाऱ्या ‘आयपी ए’ मध्ये यातलं काहीच नाही. त्यासाठी आयपी माइनस एस लिंक द्या, आणि सीआरसी (तपासणीत चुकलेली पॅकेट), फ्रेम वेगळे हवे असतील तर माइनस एस दोनदा द्या.

उमेदवाराला विचारायचंच असेल तर हे विचारा: १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर काय समजशील? पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून काही आलं नाही म्हणून मशिननं स्वतःच पत्ता घेतला, हे ज्याला सांगता येतं त्यानं कुठली कमांड मारली याचं मला सोयरसुतक नाही.

हिंजवडी_ऑनकॉल

ती पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेणार नाही. का ते सांगतो.

एका क्लायंटकडे दोन लिनक्स मशिनं होती, वर कीपअलाइव्हड (एक मशिन पडलं तर पत्ता दुसऱ्याकडे नेणारा प्रोग्राम), तसा तरंगता पत्ता एक. रात्री शिफ्टवर फोन आला की ॲप्लिकेशन अर्ध्या लोकांना दिसतंय, अर्ध्यांना नाही. तिथल्या सीनियरनं दोन्ही मशिनांवर आयएफकॉन्फिग मारलं. तरंगता पत्ता कुठेच दिसेना. कीपअलाइव्हड मेलं असं ठरवून त्यांनी तोच पत्ता दुसऱ्या मशिनवर हातानं लावला. पत्ता पहिल्या मशिनवर होताच, फक्त आयएफकॉन्फिग दाखवत नव्हतं. आता एकच पत्ता दोन ठिकाणी. ज्या स्विचच्या, ज्या पीसीच्या एआरपीमध्ये (कुठला पत्ता कुठल्या मशिनचा याची नोंद) जे मशिन आधी बसलं तिकडे तो गेला. पहाट होईपर्यंत आम्ही राउटरवर संशय घेत बसलो होतो. मी सहज आयपी ए मारलं आणि दोन्हीकडे पत्ता समोर आला.

माहीत नसलेल्याला शिकवता येतं. पण ज्याला स्क्रीन अर्धवट दाखवते आणि तरी ती पूर्ण वाटते, त्याच्या हातात प्रॉडक्शन देताना मला भीती वाटते. माझी पोस्ट त्या भीतीतून आली होती.

पेठेतला_ॲडमिन

हे खापर कमांडवर फोडू नका. कीपअलाइव्हडच्या कॉन्फिगमध्ये पत्त्याला लेबल, म्हणजे वेगळं नाव, देता येतं. ईथ० (नेटवर्क कार्डाचं जुन्या पद्धतीचं नाव) कोलन १ असं लेबल दिलं असतं तर आयएफकॉन्फिगला तो पत्ता दिसला असता. सेटअप करणाऱ्यानं लेबल दिलं नाही, रात्री बघणाऱ्यानं एआरपी तपासलं नाही, आणि शिक्षा कुणाला? त्याच दुपारी इंटरव्ह्यूला आलेल्या पोराला?

हिंजवडी_ऑनकॉल

म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आठवणीनं लेबल लावलं तरच तुमची कमांड खरं बोलणार! अहो, हाच तर मुद्दा आहे. लिनक्सवरचं आयएफकॉन्फिग कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जुन्या आयऑक्टलच्या वाटेनं विचारतं, आणि त्या वाटेवर एका नावाला एकच आयपीव्ही४ पत्ता अशी समजूत आहे. आयपी कमांड नेटलिंक या नव्या वाटेनं विचारते, कर्नलकडे जे आहे ते सगळं आणते. कर्नल २.२ पासून, म्हणजे १९९९ पासून हे आहे. आयएफकॉन्फिग ज्या संचात येतं त्या नेट-टूल्सची १.६० आवृत्ती २००१ ची, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यात काही हललं नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ च्या मिनिमल इन्स्टॉलमध्ये २०१४ लाच ते नव्हतं, डेबियन ९ नं २०१७ मध्ये डीफॉल्टमधून काढलं. तुमच्या फ्रीबीएसडीवरचं आयएफकॉन्फिग जिवंत आहे हे मान्य. ते वेगळं आहे. नाव सारखं म्हणून लिनक्सवरच्याला त्याची पुण्याई मिळत नाही.

तिसरं_वर्ष_कॉम्प

तुम्ही दोघं भांडताय, पण आम्हाला कुठलं शिकवतात ते विचारा ना. आमच्या कॉलेजच्या लॅब मॅन्युअलमध्ये ईथ० आहे आणि पत्त्याच्या आधी ‘आयनेट ॲडर’ असं लिहिलेलं आहे. लॅबच्या पीसीवर इंटरफेसचं नाव ईएनपी३एस० येतं, आणि ‘ॲडर’ हा शब्द नव्या आउटपुटमध्ये येतच नाही. मी जर्नलमध्ये स्क्रीनवर जे होतं ते लिहिलं. ओरलला एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) विचारलं, ‘ईथ० कुठाय?’ मी म्हटलं, या मशिनवर ते नावच नाही. त्यांनी जर्नल बाजूला सारलं. माझ्या शेजारच्यानं सीनियरच्या जर्नलवरून ईथ० उतरवून काढलं होतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क. आणि आता इंटरव्ह्यूला तीच कमांड मारली म्हणून बाहेर काढणार. आम्ही जायचं कुठे?

लॅबमधली_मॅडम

मी अशाच एका लॅबची जबाबदारी सांभाळते, तुमच्या कॉलेजची नाही. इंटरफेसची नावं २०१३ नंतर लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्राममुळे बदलत गेली, कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय त्यावरून ती ठरतात. आउटपुटची मांडणी नव्या नेट-टूल्सनं बदलली. हे मला माहीत आहे, माझ्या सहकाऱ्यांनाही माहीत आहे. पण मॅन्युअल बदलायचं तर एकट्या शिक्षकाच्या हातात ते नसतं. आणि खरं सांगते, आउटपुट मशिनवर बघून लिहिणारी मुलं बॅचमध्ये मोजकी असतात. बाकीचे अप्पा बळवंत चौकातली गाइडं आणतात किंवा मागच्या वर्षीच्या पीडीएफवरून उतरवतात. तू स्क्रीनवरचं लिहिलंस, तुझ्यावर अन्याय झाला. पण सगळा दोष शिकवणाऱ्यांचा असं म्हणशील तर मी ऐकून घेणार नाही.

तिसरं_वर्ष_कॉम्प

मॅम, उतरवतात कारण उतरवल्यावर मार्क मिळतात. हातानं, निळ्या शाईत, कमांडचं पूर्ण आउटपुट पानभर लिहायचं. त्यातला मॅक ॲड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) माझ्या मशिनचा आहे की आणखी कुणाच्या, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. सगळ्या बॅचच्या जर्नलमध्ये एकच मॅक ॲड्रेस असतो! नेटवर्कच्या विषयात!

चौथ्यांदा_केटी

याच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही हॉस्टेलवर रात्रभर आउटपुटं लिहायचो. लॅबमध्ये केबल काढून परत लावून काय होतं ते बघायला कुणी वेळच दिला नाही. केबल काढल्यावर आयपी ए मध्ये ‘नो कॅरिअर’ येतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

लॅबमधली_मॅडम

केबल काढून बघू देत नाहीत कारण परत लावताना क्लिप तुटते, आणि नवी केबल मागायला स्टोअरचा फॉर्म भरावा लागतो. हसू नका. माझं अर्धं सेमिस्टर अशा फॉर्ममध्ये जातं. आणि तपासणीचं म्हणाल तर एका दुपारी अख्ख्या बॅचची ओरल असते. मॅक ॲड्रेस कधी बघायचे?

पेठेतला_ॲडमिन

ताई, क्लिप तुटेल म्हणून केबलला हात लावू न देणं हे मला पटत नाही. माझ्याकडे कामाला येणारी पोरं पहिल्या दिवशी केबल क्रिम्प करतात, बिघडवतात, परत करतात. डिग्री असलेल्या मुलाला हे येत नसेल तर त्याच्या जर्नलवर सही कशाला करता?

लॅबमधली_मॅडम

सही केली नाही तर मुलाचं टर्म अडतं आणि त्याचे आईवडील नोकरीवरची रजा टाकून येतात. तुम्ही येऊन बसा माझ्या खुर्चीवर एक दिवस. मग बोला.

भोसरी_पॅनेल

मूळ विषयावर येऊ का? आमच्याकडे मशिनांच्या पॅनेलमध्ये छोटे लिनक्स बोर्ड असतात, बिझीबॉक्सवाले (मोजक्या कमांडचा छोटा संच). बिझीबॉक्समध्ये बनवणाऱ्यानं जेवढं घातलं तेवढंच असतं. काही पॅनेलवर दोन्ही कमांड आहेत, काहींवर फक्त आयएफकॉन्फिग. तिथे आयपीचा हट्ट धरून काय करू? शिफ्ट बंद ठेवू? हिंजवडीवाल्यांनी आमच्या शॉप फ्लोअरवर येऊन मग नियम करावेत.

हिंजवडी_ऑनकॉल

भोसरीकर, तुमच्या पॅनेलवर पर्यायच नाही. पर्याय नसताना वापरणं आणि पर्याय असून माहिती न घेणं यांत मी फरक करतो. तेवढ्यापुरतं माझं वाक्य जास्त कडक झालं असं वाटत असेल तर वाटू द्या. प्रश्न बदलतो. उमेदवाराला लिनक्स मशिन देईन, त्यावर लेबल न लावलेला दुसरा पत्ता असेल, आणि विचारीन, या मशिनवर पत्ते किती? कमांड त्याची त्यानं निवडावी. एकच सांगितला तर मात्र मी पुढे जाणार नाही.

पेठेतला_ॲडमिन

हा प्रश्न रास्त आहे. ‘पुढचा प्रश्नच विचारत नाही’ हे रास्त नव्हतं, आणि ते मी शेवटपर्यंत म्हणत राहीन. आणखी एक करा. दुसऱ्या मशिनची केबल मुद्दाम सदोष ठेवा आणि विचारा, पॅकेट कुठे पडतायत? नुसतं आयपी ए मारून उत्तर देणाऱ्यालाही तोच न्याय लावा.

हिंजवडी_ऑनकॉल

लावीन. माइनस एस न येणाऱ्यालाही काढीन.

लॅबमधली_मॅडम

हे मी पुढच्या टर्मला करू शकते. मॅन्युअलला हात न लावता, त्याच प्रॅक्टिकलमध्ये. दुसरा पत्ता आयपी ॲडर ॲडनं लावायचा, लेबल न देता, मग दोन्ही कमांड मारून फरक लिहायचा. जर्नलमध्ये आपल्याच मशिनचा मॅक ॲड्रेस, आणि तो मी तिथल्या तिथे बघून सही करीन.

तिसरं_वर्ष_कॉम्प

मॅम, आणि एक्स्टर्नल?

लॅबमधली_मॅडम

एक्स्टर्नलचं मी सांगू शकत नाही. ओरलच्या टेबलावर मशिन चालू ठेवीन. त्यांनी ‘ईथ० कुठाय’ विचारलं तर मुलांनी कमांड मारून दाखवायची.