मदत हवी आहे : आत्महत्या झालेल्या घरी जाणाऱ्या आशाताईंना आधार कसा द्यावा?

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी कार्यकर्ती आहे. शेतकरी आत्महत्येनंतर महसूल खात्याची माणसे पंचनामा करून, मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवण्याची माहिती घेऊन जातात, पुढारीही भेटून जातात. मात्र त्यानंतर महिनोन्‌महिने त्या घराची पायरी चढणारी आरोग्य व्यवस्थेतील व्यक्ती एकच असते, ती म्हणजे आशाताई, आणि त्या बहुधा त्याच गावच्या सून असतात.

माझ्या गटातील एका आशाताईंच्या गावात गेल्या हंगामात एका तान्ह्या बाळाचे वडील असे गेले. नवजात बाळाच्या गृहभेटींपैकी २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवसाच्या भेटी तेव्हा बाकी होत्या. ताईंनी एकही चुकवली नाही. बाळाचे वजन, ताप, अंगावर पिणे या सगळ्यांसाठी फॉर्मवर रकाने आहेत. बाळाची आई त्यांचा हात धरून जे बोलत राहिली, त्यासाठी रकानाही नाही आणि मोबदलाही नाही. आता या ताईंना झोप लागत नाही. नवऱ्याला वावरातून यायला अंधार झाला, की त्या बॅटरी घेऊन बांधापर्यंत बघायला जातात. त्यांच्या घरीही कापूसच आहे, तीच बोंडअळी आहे आणि सोसायटीचे कर्जही आहे. शहरातील समुपदेशक संध्याकाळी काम मागे ठेवून घरी जात असतील. आमच्या ताईंना ती सोय नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आम्ही सर्वांना देतो. त्यावर या ताईंचे उत्तर असे, की "मीच लोकांना हा नंबर वाटते, मी कोणत्या तोंडाने फोन लावू?" जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाच्या रांगेत गावचे कोणी भेटेल, ही भीती वेगळीच. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या राज्य शासनाच्या प्रेरणा प्रकल्पाच्या प्रशिक्षणात नैराश्याची लक्षणे कशी ओळखावीत हे शिकवले गेले. ती लक्षणे ओळखणाऱ्या बाईचे काय, हा विषय निघाला नाही. वर्षातून एकदा योगासनांचे सत्र ठेवून हा प्रश्न सुटेल, असे मला मुळीच वाटत नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही कामाच्या रचनेत बदल करण्यावर आणि वरिष्ठांच्या प्रशिक्षणावर भर देतात.

मासिक सभेनंतर, अहवाल जमा झाल्यावर, वैद्यकीय अधिकारी उपस्थित नसताना अर्धा तास फक्त आपसात बोलण्यासाठी ठेवावा, असा माझा विचार आहे. परंतु आघातानंतर लगेच सर्वांना बसवून घडलेले सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत उपयोगी नाही, उलट त्रास वाढू शकतो, असे तज्ज्ञ सांगतात. मग बोलायला भाग न पाडता अशी बैठक चालवायची कशी? आमच्याकडे दोन गावांत चार नातेवाईक निघतात, तेव्हा तिथे निघालेली गोष्ट बाहेर जाणार नाही, याची हमी कशी द्यावी? पहिल्या भेटीला शेजारच्या गावच्या आशाताईंनी सोबत जावे, असेही मनात आहे. त्यांच्या प्रवासखर्चाची आणि बुडालेल्या मजुरीची तरतूद कोणी कुठून केली आहे का?

अमरावती जिल्ह्यातील विश्राम प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समुपदेशनाचे काम केले होते. त्यात काम केलेले कोणी येथे असल्यास, त्या कार्यकर्त्यांना स्वतःसाठी कोणता आधार मिळत होता, हे कृपया लिहावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांना आरोग्य केंद्रातच बोलावून, "आशांची तपासणी" असा गवगवा न होता, ताईंशी एकेकटीने बोलणे कोणी घडवून आणले असेल, तर परवानगीचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावा लागला की थेट जिल्ह्याला, तेही सांगावे. वर उल्लेख केलेल्या ताईंसाठी मला हे पुढच्या सभेच्या आधी करायचे आहे.